घरच्या घरीं अतिदीर्घ लहरींचें एरियल

२०२४ च्या मार्गशीर्षांतील एक गुरुवार. पुण्यांत देखभालीसाठीं गुरुवारीं वीज जाते हें आम्हां पुणेकरांच्या अंगवळणीं पडलेलें आहे. परंतु त्या दिवशीं सकाळीं गेलेली वीज रात्रीचे नऊ वाजले तरी वारज्यांत परतली नव्हती. घरांतील महालक्ष्मीची पूजा समईच्या उजेडांत आटोपली, आणि इतक्यांत पुतण्यानें गच्चीवरून हांक मारली, "काका, लौकर वर या. आज स्वच्छ ऐकूं येतंय!"

आम्ही वर गेलों. त्यानें हेडफोन आमच्या कानांवर चढविला. प्रथम कढईंत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. मग त्या तडतडींतून मधूनच, खोल विहिरींत खडा पडावा तसा, ‘टुइंग, टुइंग’ असा घुमता ध्वनि येऊं लागला. हा कार्यक्रम कोणतेंही केंद्र लावीत नव्हतें. शेंकडों, कदाचित् हजारों मैलांवर, दक्षिणेकडील समुद्राच्या अंगास कोठें तरी विजा चमकत होत्या, आणि त्यांचें बोलणें आमच्या गच्चीवरील सव्वा मीटरच्या एका सळईंत उतरत होतें.

ही गंमत ऐकण्यास आम्हांस दोन वर्षें लागलीं. एरियल उभारण्यास त्यांतला एक रविवार पुरला. बाकीचा काळ जमिनीशीं भांडण्यांत गेला. रेडिओचीं पुस्तकें एरियलवर पानेंच्या पानें लिहितात आणि अर्थिंगची बोळवण चार ओळींत करतात. आमचा अनुभव नेमका उलट आहे. ज्यांच्या घरीं कोणी तरुण मुलगा अगर मुलगी या नादास लागण्याचा संभव आहे अशा वाचकांसाठीं तो येथें सविस्तर लिहीत आहों. कारण या प्रकरणांत एकदां आमच्या मुलाच्या जिवावर बेतलें होतें.

अतिदीर्घ लहरी म्हणजे काय तें प्रथम सांगितलें पाहिजे. ज्या ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीवर पुणें आकाशवाणी ऐकत आपल्या घरोघरच्या सकाळी गेल्या, तिची लांबी सुमारें ३७९ मीटर. अतिदीर्घ लहरींची कंपनसंख्या ३ ते ३० किलोहर्ट्झ, आणि लांबी १०० पासून १० किलोमीटरपर्यंत. १८.२ किलोहर्ट्झची एकच लहर जमिनीवर आडवी पसरली, तर वारज्यापासून निघून हडपसर ओलांडून पलीकडे जाईल. रेडिओच्या शास्त्राप्रमाणें चांगलें उभें एरियल लहरीच्या चतुर्थांशाएवढें असावें. म्हणजे येथें तें चार किलोमीटरांहून उंच हवें. आमच्या गच्चीवरून दक्षिणेकडे सिंहगड व त्यावरील दूरदर्शनचा मनोरा दिसतो. समुद्रसपाटीपासून मोजलेले तसले तीन सिंहगड एकावर एक रचले तरी हें माप जेमतेम भरेल! तेव्हां घरगुती एरियल या लहरींच्या मानानें नेहमींच नगण्य राहणार, हें आधींच मान्य करून कामास लागावें.

मोठ्या राष्ट्रांनाही हें कोडें सुटलें नव्हतें. त्यांनीं तें पैशानें दडपलें. स्वीडनमध्यें ग्रिमेटन येथें १९२४ सालीं उभारलेल्या केंद्रांत १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे दोन किलोमीटरांच्या रांगेंत उभे आहेत, आणि १७.२ किलोहर्ट्झचा प्रवाह निर्माण करणारें यंत्र हें चक्क एक फिरणारें जनित्र आहे. त्या काळीं अशी समजूत होती कीं, दूरचा पल्ला गांठावयाचा तर लहर लांबच हवी. पुढें मार्कोनीच्या मंडळींनीं लघुलहरींचे झोत वापरून ती खोटी ठरविली. त्या नव्या पद्धतीचें हिंदुस्थानांतील पहिलें केंद्र १९२७ सालीं आपल्याच अंगणांत आलें: प्रक्षेपण खडकीस, ग्रहण दौंडास. लांब लहरींच्या राक्षसी मनोऱ्यांची पाळी त्यामुळें पुण्यावर आली नाहीं. ग्रिमेटनचें जुनें यंत्र मात्र २००४ सालीं जागतिक वारशांत गेलें, आणि अजूनही वर्षांतून एकदोनदां, नाताळच्या आदल्या दिवशीं विशेषतः, तें फिरवून संदेश पाठविला जातो.

लांब लहरींचें खरें माहेर पुढें आरमार झालें. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत इतर रेडिओलहरी शिरतां शिरतां विरतात. अतिदीर्घ लहरी दहावीस मीटर खोल जातात, म्हणून बुडालेल्या पाणबुडीस निरोप द्यावयाचा तर याच लहरी लागतात. आपल्या आरमाराचें असें केंद्र तामिळनाडूंत तिरुनेलवेली जिल्ह्यांत १९९० पासून आहे. त्याचे मनोरे चारशें मीटरांहून उंच आहेत, आणि जगांतील हौशी मंडळी त्यास ‘व्ही.टी.एक्स.’ या हाकेनें ओळखतात. वारज्यापासून तें सरळ रेषेंत सुमारें बाराशें किलोमीटर. त्याच्या संदेशाचा अर्थ आम्हांस कळत नाहीं, आणि कळावा अशी इच्छाही नाहीं. आम्हांस हवी असते ती केवळ त्याच्या आवाजाची उंची. ती कशासाठीं, तें पुढें येईलच.

आतां घरचें काम. या लहरींची एक सोय अशी कीं, त्यांची कंपनसंख्या आपल्या कानास ऐकूं येणाऱ्या ध्वनीच्याच पट्ट्यांत, अगर त्याच्या किंचित् वर, येते. त्यामुळें सळईंत उमटलेलें सूक्ष्म विद्युत्-कंपन केवळ मोठें करून हेडफोनला दिलें कीं काम झालें. संगणकाच्या ध्वनिकार्डानें सेकंदास ४८,००० नमुने घेतले, तर २४ किलोहर्ट्झपर्यंतचें सारें त्याच्या पडद्यावर आलेखरूपानें दिसतें. स्वतंत्र रेडिओ विकत घेण्याचें कारणच उरत नाहीं.

आमचें एरियल म्हणजे सव्वा मीटर लांबीची ॲल्युमिनियमची सळई. ती प्लॅस्टिकच्या जाड नळांत बसवून गच्चीच्या कठड्याला बांधलेल्या वेळूच्या टोकावर उभी केली. झाडाच्या पानांपासून ती दूर हवी, कारण ओलीं पानें हें विद्युत्-क्षेत्र आपल्याकडे ओढून घेतात. एवढ्याशा सळईची धारणा जेमतेम दहाबारा पिकोफॅरड. म्हणजे १८ किलोहर्ट्झला तिचा अडथळा सात-आठ लक्ष ओहम! तिची तार सरळ हेडफोनला अगर संगणकाला जोडली, तर कांहींही ऐकूं येणार नाहीं. जसें घागरभर तहानेला थेंबभर पाणी. म्हणून सळईच्या अगदीं पायथ्याशीं एक लहानसा वर्धक लागतो. त्यांत एफ.ई.टी. जातीचा ट्रान्झिस्टर, त्याच्या दाराशीं दहा मेगओहमचा रोधक, आणि सळईशीं ओळीनें एक लाख ओहमचा दुसरा रोधक एवढाच मुख्य ऐवज. हा दुसरा रोधक विसरूं नये. तो नसला तर मध्यमलहरींचें बलाढ्य प्रक्षेपण वर्धकांत घुसतें, आणि आकाशांतील विजांऐवजीं बाजारभाव ऐकावे लागतात. हें सारें सामान तपकीर गल्लींत मिळतें. विजेसाठीं बॅटरीच वापरावी. भिंतींतील विजेवर चालणारा चार्जर या कामीं शत्रु होय.

रविवारीं संध्याकाळीं एरियल उभें राहिलें, आणि आम्हीं जुन्या पुस्तकांच्या उपदेशाप्रमाणें अर्थिंगची तार मोरीतील पाण्याच्या नळास घट्ट गुंडाळली. हेडफोनांत जो आवाज आला त्याचें वर्णन एका शब्दांत करतां येईल: भुंगा. पन्नास हर्ट्झची विजेची गुणगुण, तिच्या पटी, शेजारच्या इन्व्हर्टरचा कर्कश सूर, जिन्यांतल्या एल.ई.डी. दिव्याची किरकिर. विजांचा पत्ता नाहीं. दुसऱ्या दिवशीं प्लंबरास विचारतां तो हंसला. वीतभर लोखंडी नळ भिंतीबाहेर दिसत होता खरा, परंतु भिंतीच्या आंत सारें प्लॅस्टिकचें होतें! आपल्या आजोबांच्या काळीं पाण्याचा नळ हा थेट जमिनींत जाणारा लोखंडी मार्ग असे. तो उपदेश तेव्हां शहाणपणाचा होता. आज तो पाळणें म्हणजे तार हवेंत लोंबकळत ठेवणें होय.

मग घराच्या विजेच्या अर्थिंगला तार जोडून पाहिली. भुंगा दुप्पट झाला. यांत नवल नव्हतें. प्रत्येक घरांतील संगणक, दिवे, पंखे आपली विद्युत्-घाण त्याच तारेंत सोडीत असतात. अतिदीर्घ लहरींचें एरियल मोजतें काय, तर सळई व जमीन यांमधील विद्युत्-दाबाचा फरक. त्यांतील ‘जमीन’च जर थरथरत असेल, तर सळई कितीही उंच उभारा, ती आपल्या घराचीच कुरकुर ऐकणार. तराजूच्या एका पारड्यांत मोती आहे आणि दुसरें पारडें कोणी हलवीत आहे, असा तो प्रकार.

तेव्हां स्वतंत्र अर्थिंग करावयाचें ठरलें. आमची बंगली लहानशी असली तरी मागें चार हात अंगण आहे. भारतीय मानकाप्रमाणें अर्थिंगचा नळ जस्ताचा मुलामा दिलेला, ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि निदान अडीच मीटर लांबीचा असावा. वारज्याची जमीन ज्यांनीं खणली असेल त्यांस पुढचें सांगणें नको. वरची हातभर माती संपली कीं मुरूम, आणि मुरुमाखालीं काळा पाषाण. सह्याद्रीच्या लाव्ह्यानें घातलेली ही फरसबंदी मुठेच्या कांठच्या मळईंत थोडी झांकली गेली आहे, परंतु टेकडीच्या बाजूस ती उघडीच. दोन गवंडी, एक पहार आणि तीन दिवस खर्चून आम्हीं अंगणाच्या कोरड्या कोपऱ्यांत नळ पुरला. वायरमनच्या मोजयंत्रावर रोध भरला १८० ओहम. चैत्र महिना होता. (पुढें श्रावणांत तोच चाळीसावर आला, यावरून जमिनीच्या ओलाव्याचें माहात्म्य कळावें.)

१८० हा आंकडा पाहून आमच्या पुतण्याचें तोंड उतरलें. तो सुधारण्याची जुनी युक्ति म्हणजे नळाभोंवतीं कोळसा व मीठ यांचे थर देणें आणि वर पाणी घालीत राहणें. अंगणांत सदैव ओली अशी जागा एकच, तुळशीवृंदावनाशेजारची. तेथें दुसरा खड्डा खणावा आणि मिठाचें पोतें आणावें असा बेत चालला असतां मातोश्री ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. "अरे, तुळशीच्या मुळांशीं मीठ घालणार आहेस? तुमच्या त्या भुंग्यासाठीं?" त्यांचें म्हणणें शास्त्रालाही धरून होतें. मीठ झाडें मारतें, आणि लोखंडी नळही चारदोन वर्षांत खातें. अखेर मिठाऐवजीं बेंटोनाइट नांवाची फुगणारी चिकणमाती आणली. ती पाणी धरून ठेवते आणि झाडाला अपाय करीत नाहीं. तुळस शाबूत राहिली, आणि दररोज सकाळीं तिला घातलेलें पाणी अर्थिंगलाही पोहोंचूं लागलें. दोन नळांमध्यें निदान नळाच्या लांबीइतकें अंतर ठेवून ते जोडले म्हणजे रोध जवळजवळ निम्मा होतो, तसेंच झालें.

येथें एक कबुली द्यावयास हवी. एवढी खटपट करून ऐकण्यांत तिळमात्र फरक पडला नाहीं! हिशेब आधीं केला असता तर श्रम वांचले असते. ज्या सळईचा स्वतःचा अडथळा सात-आठ लक्ष ओहम, तिच्या वाटेंत जमिनीचे १८० ओहम काय आणि ९० काय, समुद्रांत लोटाभर पाणी. ऐकण्यापुरता अर्थिंगचा रोध नगण्य आहे; महत्त्व आहे तें त्याच्या एकांताला. घराच्या तारांपासून दूर, दुसऱ्या कशाशींही न जोडलेला एक साधा खिळाही ऐकण्यास पुरतो. आमच्या स्वतंत्र नळानें भुंगा खालीं बसला, तो त्याच्या खोलीमुळें नव्हे, त्याच्या एकटेपणामुळें. आम्ही खूष झालों, आणि त्याच खुषींत मोठी चूक करून बसलों.

२०२३ चा मे महिना. दुपारभर उकाडा, आणि सहाच्या सुमारास सिंहगडाच्या बाजूनें वळवाचे ढग चढूं लागले. जवळ येणाऱ्या विजांचा कडकडाट हेडफोनांत कसा येतो हें पाहण्याच्या मोहानें पुतण्या जिन्यावरच्या खोलींत संगणकाशीं बसला होता. त्याच्या आईनें पोह्यांसाठीं हांक मारली. तो हेडफोन टेबलावर टाकून खालीं आला. आणि बशी हातांत घेतो न घेतो तों डोळे दिपवणारा लख्ख प्रकाश व कानठळ्या बसविणारा आवाज एकदमच झाला. पलीकडच्या वाड्यांतील नारळावर वीज पडली होती. वर जाऊन पाहतों तर खोलींत जळका वास, संगणकाचें ध्वनीचें भोंक काळें पडलेलें, आणि हेडफोनच्या तारेचें वेष्टण एका जागीं वितळलेलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. त्याच्या आईनें निमूटपणें तो हेडफोन उचलून केराच्या टोपलींत टाकला, आणि महिनाभर त्या खोलीस कुलूप राहिलें.

वीज आमच्या एरियलवर पडलेली नव्हती. मग ठिणगी आली कोठून? मागाहून आम्हीं कागद घेऊन बसलों. विजेचा प्रवाह वीस हजार अँपिअर धरला, नारळापासून आमचा नळ तीस मीटर आणि घराचें अर्थिंग चाळीस मीटर. वीज जमिनींत शिरते तेव्हां जमिनीचा दाब त्या जागेभोंवतीं एकदम वर चढतो आणि दूर जावें तसा उतरत जातो. अगदीं चांगली, शंभर ओहम-मीटरची जमीन धरली, तरी तीस मीटरांवर तो दहा हजारांहून अधिक व्होल्ट, चाळीस मीटरांवर आठ हजारांच्या आसपास. म्हणजे आमच्या दोन अर्थिंगमध्यें त्या क्षणीं अडीच हजारांवर व्होल्टांचा फरक. कोरड्या मुरुमांत त्याच्याही कित्येक पट. एक अर्थिंग वर्धकाच्या तारेनें संगणकांत आलेलें, दुसरें भिंतींतील विजेच्या तारेनें. त्या दोहोंच्या मध्यें काय होतें? संगणकाचें भोंक, हेडफोनची तार, आणि पोह्यांनीं हांक मारली नसती तर एक अठरा वर्षांचा मुलगा. ज्या एकांतामुळें ऐकूं येत होतें, तोच एकांत जीव घ्यावयास टपला होता.

म्हणून वायरमन लोकांचा नियम असा कीं, एका घराचीं सर्व अर्थिंगें जमिनीशीं जाड पट्टीनें एकमेकांस जोडलेलींच असलीं पाहिजेत. म्हणजे दाब चढला तरी सारें घर एकदमच चढतें व उतरतें, आणि माणसाच्या अंगावरून वाट शोधण्याचें विजेस कारण राहत नाहीं. परवानाधारक वायरमन आणून आम्हीं पंचवीस मिलिमीटर रुंद व तीन मिलिमीटर जाड अशी जस्ती पट्टी घराबाहेरून, जमिनींत पुरून, दोन्ही अर्थिंगांमध्यें घातली. हें करतांना निराळेंच एक सत्य उघडकीस आलें. घर बांधतांना ज्या ठेकेदारानें मुख्य अर्थिंग केलें होतें, त्यानें हातभर नळ पुरून वर सिमेंट ओतलें होतें! इतकीं वर्षें आमच्या गीझरचें व धुलाईयंत्राचें रक्षण त्या हातभर नळावर चाललें होतें. वाचकांनीं एरियल उभारावें वा न उभारावें, आपल्या घराचें अर्थिंग एकदां मोजवून घ्यावें.

आतां भुंगा परत येणार हें उघड होतें. त्याच्यावर उपाय म्हणजे एक लहानसा ट्रान्सफॉर्मर. ध्वनीसाठीं वापरतात तसला, दोन्ही बाजूंस सारखे वेढे असलेला ट्रान्सफॉर्मर वर्धक व संगणक यांच्यामध्यें घातला. त्याच्या दोन वेढ्यांत तारेचा संबंध नसतो. कंपन तेवढें चुंबकाच्या मार्गानें पलीकडे जातें. घरांतील घाण संगणकाच्या बाजूस राहते, सळई आपल्या नळाशीं बोलत राहते. शिवाय सळईच्या पायथ्याशीं, तिच्या तारेपासून अर्थिंगपर्यंत, वायु भरलेली दाबनिवारक नळी बसविली आहे. दाब मर्यादेबाहेर गेला कीं ती स्वतः पेटून त्यास जमिनीची वाट दाखविते. गुणगुण थोडी वाढली हें कबूल केलें पाहिजे. परंतु घरांतील दिवे मालवले म्हणजे ती सुसह्य होते, आणि गुरुवारीं तर नाहींशीच होते. एवढें करूनही वळवाच्या दिवसांत ऐकत बसूं नये. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें केलेलें ‘दामिनी’ हें विजेची सूचना देणारें ॲप आतां आमच्या घरांतील प्रत्येकाच्या मोबाइलमध्यें आहे. तें बोलूं लागलें कीं एरियलची तार घराबाहेरच सोडविली जाते, आणि चैत्रापासून पाऊस संपेपर्यंत सळई माळ्यावर झोपते.

ज्यांच्यापाशीं अंगण नाहीं, आणि आज वारज्यांत बहुतेकांपाशीं तें नाहीं, त्यांनीं या भानगडींत न पडतां चौकटीचें एरियल करावें. आमच्या मतें तेंच अधिक शहाणपणाचें. फक्त त्यांत विजांची तडतड तितकी रसरशीत येत नाहीं. मीटरभर बाजूची लांकडी चौकट करून तिच्यावर इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे पन्नास वेढे द्यावेत. दोनशें मीटर तार लागते. तिला सुमारें ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला कीं ती १८ किलोहर्ट्झच्या आसपास सूर धरते. ही चौकट लहरींतील चुंबकीय अंश पकडते, म्हणून तिला जमीन लागतच नाहीं. खोलींत खुंटीला टांगली तरी चालते. ज्या दिशेस तिची कड, त्या दिशेचें ती ऐकते; ज्या दिशेस तिचें तोंड, तिकडे बहिरी होते. त्यामुळें शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरकडे तिचें तोंड करून त्यास गप्प बसवितां येतें. शेजारधर्म न मोडतां! तिरुनेलवेलीसाठीं कड दक्षिणेकडे, किंचित् पूर्वेस कलती ठेवावी.

महिनाभरानें कुलूप निघालें तें या चौकटीमुळें. हिच्यापासून भीति नाहीं हें पुतण्यानें आपल्या आईस कागदावर आकृति काढून पटविलें, आणि तिनें अट घातली कीं, यंत्र चालूं असतां कानास कांहीं लावावयाचें नाहीं. तेव्हांपासून चौकट व्ही.टी.एक्स.च्या आवाजाची उंची दिवसरात्र टिपीत असते. ही लहर जमीन व आकाशांतील आयनांबर यांच्या बोगद्यांतून येते. दिवसा सूर्याच्या तेजानें बोगद्याचें छत सुमारें सत्तर किलोमीटरांवर असतें, रात्रीं पंचाऐशींच्या आसपास चढतें. त्यामुळें पहांटे व संध्याकाळीं आलेखांत ठराविक खळगे पडतात. २२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं कलकत्त्याच्या शास्त्रज्ञांनीं भारतांत व नेपाळांत ठिकठिकाणीं असेच ग्राहक मांडून, सूर्य झांकला असतां या छताचें काय होतें तें तिरुनेलवेलीच्याच लहरीवर मोजलें होतें.

आमच्या आलेखाला त्याहून मोठा सण लाभला. १० मे २०२४, अक्षय्य तृतीया. सूर्यावर त्या आठवड्यांत मोठमोठे स्फोट होत होते. पानें मांडलेलीं, आमरसाच्या वाट्या भरलेल्या, आणि पुतण्या काहीं केल्या खालीं येईना. गेलों तों पडद्यावरची रेघ, जी दुपारीं सपाट चालावयाची, ती ताडकन उडाली होती. भर बारा वाजून चोवीस मिनिटांनीं त्या स्फोटाचा कळस झाला असें मागाहून प्रसिद्ध झालें. क्ष-किरणांनीं आयनांबराचें छत क्षणांत दाट केलें, आणि तें आमच्या भिंतीवरच्या लांकडी चौकटीस कळलें. तासाभरानें रेघ हळूहळू पूर्वस्थितीवर आली. आमरस तोंवर गरम झाला होता. त्या पुढल्या रात्रीं लडाखांत ध्रुवप्रकाश दिसला हें वाचकांनीं वर्तमानपत्रांत वाचलेंच असेल.

सळईवरची मौज निराळी. तडतड दिवसाही येते. जगभरांत मिळून सेकंदास चाळीस-पन्नास विजा चमकतातच. ‘टुइंग’ मात्र रात्रींचा. आयनांबराचें छत रात्रीं जितकें उंच, त्या मानानें १.७ किलोहर्ट्झच्या खालच्या लहरी त्या बोगद्यांतून पुढें सरकूंच शकत नाहींत, आणि त्या मर्यादेजवळच्या रेंगाळत येतात. म्हणून एका तडक्याचा असा लांबट थेंब होतो. तिसरा एक ध्वनि आहे, वरच्या सुरावरून हळूहळू खालीं उतरणारी शीळ. पहिल्या महायुद्धांत शत्रूच्या टेलिफोनचें बोलणें चोरून ऐकण्यासाठीं जमिनींत सळया ठोकून बसलेल्या जर्मन सैनिकांना ती ऐकूं आली. बार्कहौसेन या शास्त्रज्ञानें १९१९ सालीं तिच्याविषयीं लिहिलें, आणि ती विजेचीच लहर पृथ्वीच्या चुंबकरेषांवरून आकाशांत दूरवर फेरी मारून येते हें केंब्रिजच्या स्टोरीनें १९५३ सालीं दाखविलें. येथेंही एरियलचें काम जमिनींतल्या सळयांनींच केलें, हें लक्षांत घ्यावें. परंतु चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेलीच्या आसपासून जात असल्यानें पुणें त्याच्या फार जवळ पडतें, आणि ही शीळ आमच्याकडे क्वचितच येणार. आम्हांस ती अद्याप ऐकूं आलेली नाहीं.

स्वतः प्रक्षेपण कां करूं नये, असें कांहीं उत्साही वाचक विचारतील. एक तर त्यास केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि हौशी मंडळींस या पट्ट्यांत जागाच नाहीं; त्यांना मिळालेली सर्वांत लांब लहर १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झची, तीही २००७ च्या जागतिक परिषदेंत. दुसरें म्हणजे तेथें जमिनीचा रोध आपला सूड घेतो. दहा मीटर उंचीचें, माथ्यावर तारांची छत्री असलेलें एरियल ९ किलोहर्ट्झला वापरलें, तर लहरींच्या रूपानें बाहेर पडणाऱ्या शक्तीचा वांटा ०.०००१४ ओहम, आणि चांगल्या अर्थिंगचा तीस-पस्तीस ओहम. शंभर वॅट ओतले तर अर्ध्या मिलिवॅटहूनही कमी आकाशांत जाईल. उरलेले वारज्याचा मुरूम तापविण्यांत खर्ची पडतील. कांहीं जर्मन हौशी मंडळींनीं २०१० च्या सुमारास पतंगाबरोबर शंभर मीटरांवर तार चढवून ९ किलोहर्ट्झच्या खालीं आपले संदेश दूरवर पोहोंचविले, ते धन्य होत. आम्हांस परीक्षा द्यावयाची आहे ती लघुलहरींच्या परवान्याची, आणि ती आमच्या पुतण्यानें द्यावयाची आहे.

तूर्त पुढल्या गुरुवारीं वीज जाणार असल्याची सूचना आली आहे. आकाश निरभ्र आहे; बॅटरी भरून ठेविली आहे; आणि मातोश्रींनीं तुळशीला आज दोन तांबे पाणी अधिक घातलें आहे.